अवजारपेटीची निवड : कारागिराचे कौशल्य, मानके आणि शासकीय धोरण

राजस्थानची राजधानी जयपूर येथील विद्याधर नगर या वसाहतीचे नाव विद्याधर भट्टाचार्य यांच्या स्मरणार्थ ठेवण्यात आले आहे. सवाई जयसिंह (दुसरे) यांनी १७२७ मध्ये वसविलेल्या जयपूर शहराच्या आखणीत या बंगाली नियोजनकाराचा प्रमुख वाटा होता. विद्याधर नगराचा आराखडा १९८० च्या दशकात वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी तयार केला. १९२७ मध्ये पुण्यात जन्मलेले दोशी हे २०१८ मध्ये प्रित्झकर हा वास्तुकलेतील सर्वोच्च मानला जाणारा सन्मान मिळविणारे पहिले भारतीय होत. या वसाहतीला लागूनच सीकर मार्गावर विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र आहे. एका बाजूस दाट निवासी वस्ती आणि दुसऱ्या बाजूस लहान-मोठे कारखाने, अशा परिसरात सुतार, गवंडी, प्लंबर, वायरमन, फिटर, लोहार या सर्वांच्या श्रमाला सतत मागणी असते. देशातील बहुतेक वाढत्या शहरांचे चित्र याहून वेगळे नाही.

या कारागिरांजवळ जमीन नसते, कारखाना नसतो आणि बहुधा बँकेत तारण ठेवण्याजोगी मालमत्ताही नसते. त्यांचे कौशल्य आणि त्यांची अवजारपेटी हेच त्यांचे भांडवल होय. त्यामुळे पेटीत कोणती अवजारे असावीत हा प्रश्न केवळ कार्यशाळेपुरता मर्यादित नाही. उत्पादकता, अपघात, कर्जबाजारीपणा आणि स्वयंरोजगार योजनांचे यशापयश यांच्याशी तो थेट निगडित आहे. १९९२ पासून आजपर्यंत केंद्र शासनाने कारागिरांना अवजारसंच देण्याचे जे प्रयत्न केले, त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. पेटीचे मूल्य तिच्यातील वस्तूंच्या संख्येवर ठरत नाही. ती अवजारे कोणत्या कामासाठी, कोणत्या दर्जाची आणि कोणाच्या पसंतीने निवडली गेली, यावर ते ठरते.

अवजार : खर्च की गुंतवणूक?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हातअवजार हे स्थिर भांडवल आहे. ते एकदा विकत घेतले जाते व अनेक दिवस उत्पन्न देते. म्हणूनच त्याची किंमत दुकानातील आकड्यावरून नव्हे, तर कामाच्या प्रत्येक दिवसामागे येणाऱ्या खर्चावरून मोजली पाहिजे. उदाहरणादाखल, १५० रुपयांची एक पक्कड कामाचे १५० दिवस टिकली, तर तिचा दररोजचा खर्च १ रुपया होतो. ४५० रुपयांची दुसरी पक्कड १,५०० दिवस टिकली, तर तोच खर्च ३० पैशांवर येतो. स्वस्त अवजार प्रत्यक्षात तिपटीहून अधिक महाग पडते. शिवाय ते ऐन कामात निकामी झाल्यास त्या दिवसाची मजुरी बुडते आणि ग्राहकाचा विश्वासही गमावला जातो.

असे असूनही कारागीर स्वस्त अवजाराकडे वळतो. त्याचे कारण अज्ञान नव्हे. त्याच्या हाती एका वेळी तेवढीच रोख रक्कम असते. दीर्घकाळात स्वस्त पडणारी वस्तू आज घेणे त्याला परवडत नाही. अवजार खरेदीसाठी शासकीय साहाय्य देण्यामागचे आर्थिक समर्थन नेमके येथे आहे. मात्र साहाय्यातून मिळालेले अवजारही निकृष्ट असेल, तर हे समर्थनच कोसळते.

निवडीचे सूत्र : सहा कार्ये

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील (आयटीआय) फिटर व्यवसायाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याच्या पेटीची यादी ठरवून दिलेली असते. तीत पोलादी पट्टी, गुण्या, कॅलिपर, डिव्हायडर, पंच, छिन्नी, बॉलपीन हातोडी, कानशी, हॅकसॉची चौकट, स्क्रूड्रायव्हर आणि संरक्षक चष्मा यांचा समावेश असतो. या यादीमागील विचार कोणत्याही व्यवसायाला लागू पडणारा आहे. अवजारे नावाने अनेक असली, तरी त्यांची कार्ये मुख्यतः सहाच आहेत :

१. मापन व आखणी : पट्टी, टेप, गुण्या, ओळंबा, पाणसळ.
२. पकड : पक्कड, शिकंजा, व्हाइस.
३. छेदन : करवत, हॅकसॉ, छिन्नी, पटाशी.
४. आघात : हातोडी, घण, लाकडी मोगरी.
५. जोडणी व सोडवणी : पाने, स्क्रूड्रायव्हर, पाइप रेंच.
६. संरक्षण : चष्मा, हातमोजे, शिरस्त्राण, बूट.

कानस, रंधा यांसारखी सफाईची अवजारे छेदनाचाच पुढचा टप्पा मानता येतात. पेटी भरताना या प्रत्येक कार्यासाठी किमान एक चांगले अवजार असणे, ही पहिली पायरी होय. एकाच कार्याची पाच अवजारे असलेली व मापनाचे एकही नसलेली पेटी अपुरीच म्हटली पाहिजे. अनुभवी कारागीर मापनाच्या साधनांना अग्रक्रम देतात, कारण कापलेले लाकूड व रचलेली वीट पूर्ववत करता येत नाही. जयपूरच्या जुन्या शहराचे काटकोनात छेदणारे रस्ते आखणीच्या याच शिस्तीची साक्ष देतात.

खरेदीचा क्रम ठरविण्यासाठी आणखी एक कसोटी उपयुक्त ठरते. जे अवजार रोज लागते, ते स्वतःचे व उत्तम दर्जाचे असावे. जे आठवड्यातून एकदा लागते, ते मध्यम किमतीचे चालेल. जे वर्षातून एक-दोनदाच लागते, ते भाड्याने किंवा सहकाऱ्यांसोबत सामायिक घ्यावे. विजेवर चालणारी महाग यंत्रे आरंभीच विकत घेऊन कर्जाचा हप्ता ओढवून घेण्यापेक्षा हा मार्ग अधिक सुरक्षित आहे.

खरेदीच्या वेळची परीक्षा

अवजाराचा दर्जा ओळखण्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नसते. काही सोप्या कसोट्या दुकानातच लावता येतात.

गुण्या : सरळ कड असलेल्या फळीवर गुण्या टेकवून एक रेघ मारावी. नंतर गुण्या उलटवून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकमेकींवर आल्या, तर कोन अचूक आहे. त्या फाकल्या, तर दिसणारे अंतर प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असते. मोठ्या बांधकामावर ३-४-५ या प्रमाणाने पडताळणी करतात. एका बाजूस ३ मीटर व दुसऱ्या बाजूस ४ मीटर मोजल्यावर तिरपे अंतर ५ मीटर भरले, तर कोपरा काटकोनात आहे. पायथागोरसच्या सिद्धान्ताचाच हा उपयोग होय.

पाणसळ : ती सपाट जागी ठेवून बुडबुड्याची स्थिती पाहावी व मग तिची टोके अदलाबदल करून त्याच जागी पुन्हा ठेवावी. बुडबुडा दोन्ही वेळा नळीच्या खुणांच्या संदर्भात त्याच बाजूस न सरकता एकाच दिशेस, म्हणजे जागेच्या उंच कडेला, राहिला पाहिजे. तसे न झाल्यास दोष जागेत नसून पाणसळीत आहे.

हातोडी : डोके व दांडा यांची जोडणी पाचरीने घट्ट बसविलेली असावी. चांगल्या हातोडीचा आघाताचा भाग कठीण केलेला असतो, तर मधला भाग तुलनेने मऊ ठेवलेला असतो. संपूर्ण डोके कठीण केल्यास ते ठिसूळ होऊन तुकडा उडण्याचा धोका संभवतो. याच कारणास्तव दोन हातोड्या एकमेकींवर आपटणे धोकादायक असते.

पक्कड : ती मिटून उजेडासमोर धरावी. जबडे टोकाशी पूर्ण मिटलेले दिसावेत व सांध्यात आडवी हालचाल नसावी.

पाने : पान्याचा जबडा नटावर सैल बसला, तर नटाचे कोपरे झिजतात आणि हात घसरून इजा होते. एम ६ बोल्टसाठी १० मिलिमीटरचा व एम ८ साठी १३ मिलिमीटरचा पाना लागतो. बोल्टचा क्रमांक आटेदार दांड्याचा व्यास दर्शवितो, तर पान्यावरील क्रमांक नटाच्या समोरासमोरील बाजूंमधील अंतर दर्शवितो. हा फरक परीक्षेत व व्यवहारात दोन्हीकडे लक्षात ठेवण्याजोगा आहे. पान्याची लांबीही मनमानी नसते. २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर २०० न्यूटन बल लावल्यास ५० न्यूटन-मीटर इतके पीळबल निर्माण होते. पान्याला नळी जोडून लांबी दुप्पट केल्यास पीळबलही दुप्पट होते व बोल्ट तुटण्याची शक्यता वाढते.

हॅकसॉचे पाते : पात्याची निवड दात्यांमधील अंतरावरून करतात. मऊ व जाड धातूसाठी १.८ मिलिमीटर अंतराचे जाड दाते योग्य असतात. पातळ नळी किंवा पत्र्यासाठी ०.८ मिलिमीटर अंतराचे बारीक दाते लागतात. धातूच्या जाडीत एकाच वेळी किमान दोन-तीन दाते टेकले पाहिजेत, अन्यथा दाते तुटतात. पाते बसविताना दात्यांची टोके पुढच्या दिशेस असावीत, कारण कापण्याचे काम पुढे ढकलताना होते.

व्यवसायानुसार पेटी

सहा कार्यांचे सूत्र समान असले, तरी व्यवसायानुसार भर बदलतो. सुताराच्या पेटीत करवत, रंधा, निरनिराळ्या रुंदीच्या पटाश्या, वाकस, गिरमिट, गुण्या व हातोडी यांना प्राधान्य असते. येथे धार हाच अवजाराचा प्राण असल्याने धार लावण्याचा दगड हा पेटीचा अनिवार्य घटक मानावा लागतो. बोथट पटाशीला अधिक जोर लावावा लागतो आणि अधिक जोर लावलेले अवजार निसटल्यास गंभीर जखम करते. म्हणून धारदार अवजार हे बोथट अवजारापेक्षा अधिक सुरक्षित असते.

गवंड्याच्या पेटीत थापी, ओळंबा, पाणसळ, सूत, गुण्या व टेप ही अवजारे मुख्य असतात. ती तुलनेने स्वस्त असली, तरी भिंतीची सरळता पूर्णपणे त्यांच्या अचूकतेवर अवलंबून असते.

वायरमनच्या पेटीत पक्कड, साइड कटर, वायर सोलण्याचे अवजार, स्क्रूड्रायव्हरचा संच, टेस्टर व मल्टिमीटर असतात. भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असल्याने येथे दर्जाचा संबंध थेट जीविताशी येतो. मुठीवर प्लॅस्टिकचे आवरण असणे म्हणजे विद्युतरोधन नव्हे. १,००० व्होल्टपर्यंतच्या रोधनाची खूण अवजारावर स्पष्ट असली पाहिजे. टेस्टरवरही आंधळा विश्वास ठेवणे धोक्याचे आहे. तो आधी चालू असलेल्या जोडणीवर तपासावा, मग इच्छित ठिकाणी वापरावा व शेवटी पुन्हा चालू जोडणीवर पाहून तो बिघडलेला नाही याची खात्री करावी.

प्लंबरला पाइप रेंच, सरकता पाना, हॅकसॉ, नळी कापण्याचे अवजार व आटे पाडण्याचा संच लागतो. सरकत्या पान्यावर जोर लावताना मुख्य ताण स्थिर जबड्यावर येईल अशा दिशेनेच तो फिरवावा. सरकत्या जबड्यावर ताण आल्यास त्याचा स्क्रू सैल होतो.

घरातील पेटी

विद्याधर नगरासारख्या वसाहतीतील गृहस्थालाही एक लहान पेटी उपयोगी पडते. तिचा हेतू कारागिराची जागा घेणे हा नसून किरकोळ दुरुस्ती करणे व कारागीर येईपर्यंत नुकसान थांबविणे हा असतो. त्यासाठी मध्यम आकाराची हातोडी, सपाट व फुली टोकाचे स्क्रूड्रायव्हर, पक्कड, सरकता पाना, टेप, टेस्टर, लहान हॅकसॉ, विजेरी, चष्मा आणि नळाच्या आट्यांवर गुंडाळण्याची टेफ्लॉन पट्टी एवढे साहित्य पुरेसे असते. या यादीहून महत्त्वाची माहिती म्हणजे घरातील पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह व विजेचा मुख्य स्विच कोठे आहे ही होय. कुटुंबातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस ती असावी. वीजमीटर, मुख्य जोडणी व गॅसवाहिनी यांचे काम मात्र अधिकृत तंत्रज्ञाकडेच सोपविले पाहिजे.

मानके आणि सुरक्षितता

अवजारांच्या दर्जासंबंधी भारतीय मानके उपलब्ध आहेत. देशातील मानकीकरणाचे कार्य १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेकडे होते. १९८६ च्या अधिनियमान्वये १ एप्रिल १९८७ पासून ते भारतीय मानक ब्युरोकडे आले. सध्या ब्युरोचे कामकाज २०१६ च्या अधिनियमानुसार चालते. पोलादी हातोड्यांसाठी आयएस ८४१, पकडींसाठी आयएस ३६५०, पाइप रेंचसाठी आयएस ४००३ आणि औद्योगिक शिरस्त्राणांसाठी आयएस २९२५ ही मानके आहेत. आकार, पोलादाचा प्रकार, कठीणपणा आणि चाचण्या यांचे तपशील अशा मानकांत दिलेले असतात. खरेदीदाराने अवजारावर उत्पादकाचे नाव, आकार व आयएसआय चिन्ह यांची खूण शोधावी. ज्या अवजारावर कोणतीच खूण नाही, त्याची जबाबदारीही कोणी घेत नाही.

सुरक्षिततेच्या दृष्टीने अवजाराचा गैरवापर हे अपघाताचे एक प्रमुख कारण असते. स्क्रूड्रायव्हरचा छिन्नीसारखा वापर, मुठीविना कानस चालविणे, सैल दांड्याची हातोडी वापरणे ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत. घाव सोसून छिन्नीचे डोके छत्रीसारखे पसरते. ते वेळीच घासून काढले नाही, तर त्याचे कण गोळीसारखे उडून डोळ्यास इजा करू शकतात. त्यामुळे चष्मा हा पेटीचा शोभेचा घटक नाही. डोळा गमावलेल्या कारागिराचे कौशल्यही त्याच क्षणी निरुपयोगी होण्याचा संभव असतो.

धोरणाची वाटचाल

महाराष्ट्रातील जुन्या ग्रामव्यवस्थेत सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट आदी बलुतेदार आपल्या सेवेच्या मोबदल्यात धान्याचा वाटा घेत. अवजारे गावातच घडत व गावातच दुरुस्त होत. पैशावर आधारित अर्थव्यवस्था व कारखान्यांतील माल यांमुळे ही व्यवस्था मोडली आणि कारागिराला अवजारही बाजारातून घेणे भाग पडले. १९३४ मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली या संघाने ग्रामीण साधनांत सुधारणा करण्याचे कार्य हाती घेतले. तोच वारसा वर्धा येथील महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था पुढे चालवीत आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली व आयटीआयचे जाळे उभे राहिले. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी अधिनियम संमत झाला. १५ ऑगस्ट १९७९ रोजी ग्रामीण युवकांना स्वयंरोजगारासाठी प्रशिक्षण देणारी ट्रायसेम योजना सुरू झाली. जुलै १९९२ मध्ये एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची उपयोजना म्हणून ग्रामीण कारागिरांना सुधारित अवजारसंच पुरविणारी ‘सिट्रा’ योजना आली. या योजनेत २,००० रुपयांपर्यंतचा संच दिला जाई. त्यापैकी १० टक्के रक्कम कारागीर भरी व ९० टक्के अनुदान केंद्र शासन देई. विजेवर चालणाऱ्या अवजारांसाठी मर्यादा ४,५०० रुपये होती. १९९६-९७ पर्यंत सहा लाखांहून अधिक संच वाटण्यात आले. विणकर, शिंपी, भरतकाम करणारे व विडी कामगार यांना मात्र या योजनेतून वगळलेले होते.

प्रशिक्षण एका योजनेतून, अवजारे दुसरीतून आणि कर्ज तिसरीतून अशा विखुरलेल्या मांडणीमुळे परस्पर समन्वय साधला जात नव्हता. प्रा. एस. आर. हाशिम समितीने या कार्यक्रमांच्या एकत्रीकरणाची शिफारस केली. त्यानुसार १ एप्रिल १९९९ पासून स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत सिट्रासह इतर योजना विलीन करण्यात आल्या. केवळ पेटी दिल्याने कारागीर स्वावलंबी होत नाही. तिच्यासोबत प्रशिक्षण, कर्ज व बाजारपेठ हवी, हा या टप्प्याचा मुख्य धडा होय.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी नवी दिल्लीत पंतप्रधान विश्वकर्मा योजनेचा प्रारंभ झाला. २०२३-२४ ते २०२७-२८ या पाच वर्षांसाठी १३,००० कोटी रुपयांची तरतूद असलेली ही केंद्रीय क्षेत्र योजना आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालय, कौशल्य विकास मंत्रालय आणि वित्तीय सेवा विभाग ती संयुक्तपणे राबवितात. १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना ओळखपत्र व प्रमाणपत्र, मूलभूत व प्रगत प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, तारणाविना अनुक्रमे १ लाख व २ लाख रुपयांचे कर्ज ५ टक्के सवलतीच्या व्याजाने, तसेच विपणन साहाय्य असे तिचे घटक आहेत. अवजारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंतचे प्रोत्साहन ई-व्हाउचरच्या रूपात देण्याची तरतूद आहे. मूलभूत प्रशिक्षणाच्या प्रारंभी कौशल्य पडताळणी झाल्यावर ते दिले जाते. प्रारंभाच्या वेळी अवजारांविषयीची ई-पुस्तिकाही प्रकाशित करण्यात आली. भारतात बनलेली अवजारे वस्तू व सेवा कर नोंदणी असलेल्या दुकानातूनच घ्यावीत, असे आवाहन पंतप्रधानांनी त्या वेळी केले. योजनेच्या पहिल्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्धा येथे झाला.

सिट्रा व विश्वकर्मा योजना यांच्यातील फरक केवळ रकमेचा नाही. सिट्रा ही प्रामुख्याने अवजारवाटपाची उपयोजना होती. विश्वकर्मा योजनेत अवजार हे प्रशिक्षण, कर्ज व विपणन यांच्या साखळीतील एक कडी आहे. १९९२ मध्ये वगळलेल्या शिंप्याला २०२३ च्या यादीत स्थान मिळाले. हातोडा व अवजारसंच तयार करणारा कारागीर हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून यादीत आहे, हेही उल्लेखनीय होय.

उणिवा आणि उपाय

तथापि काही प्रश्न शिल्लक आहेत. योजनेच्या १८ व्यवसायांत सुतार, गवंडी, लोहार, कुलूप कारागीर यांचा समावेश असला, तरी वायरमन व प्लंबर यांचा समावेश नाही. योजनेची व्याख्या गुरु-शिष्य परंपरेने चालत आलेल्या व्यवसायांवर आधारित असल्याने हे घडले आहे. परंतु विद्याधर नगरासारख्या शहरी वसाहतीत एकाच इमारतीवर गवंड्याला अवजारासाठी साहाय्य मिळावे व शेजारी काम करणाऱ्या वायरमनला मिळू नये, अशी विसंगती त्यातून निर्माण होते. अवजार निकृष्ट असल्यास वायरमनच्या जिवालाच अधिक धोका असतो, हे लक्षात घेता ही विसंगती गंभीर ठरते.

ही पोकळी काही अंशी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळे भरून काढतात. १९९६ च्या अधिनियमानुसार राज्योराज्यी ही मंडळे स्थापन झाली व त्यांचा निधी बांधकाम खर्चावरील उपकरातून उभा राहतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या कक्षेत आला आहे. बांधकामावर काम करणारे वायरमन व प्लंबर या मंडळांकडे नोंदणी करू शकतात. महाराष्ट्रातील मंडळाने नोंदित कामगारांना अवजारे खरेदीसाठी ५,००० रुपयांचे साहाय्य देण्याची योजना राबविली. मात्र केवळ घरोघरी दुरुस्तीची कामे करणाऱ्यास बांधकामावरील कामाचे दिवस सिद्ध करणे कठीण जाते.

दुसरा प्रश्न निवडीच्या स्वातंत्र्याचा आहे. तयार संच सर्वांना सारखाच मिळाल्यास, ज्याच्याकडे चांगला रंधा आहे त्याला दुसरा रंधा मिळतो आणि ज्याची नड पाणसळीची आहे त्याची नड कायम राहते. कौशल्य पडताळणीच्या वेळीच कारागिराच्या जुन्या पेटीची पाहणी करून उणीव नोंदविली, तर त्याच रकमेचा उपयोग कितीतरी परिणामकारक होईल. तिसरा प्रश्न देखभालीचा आहे. धार लावणे, दांडे बदलणे, मापन साधने तपासणे यांसाठी आयटीआयच्या कार्यशाळा सुटीच्या दिवशी कारागिरांना खुल्या ठेवता येतील. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रासारख्या ठिकाणी अवजारे भाड्याने देणारी सामायिक केंद्रेही उभारता येतील.

देशी उत्पादनाची संधी

हातअवजारांच्या उत्पादनात पंजाबमधील जालंधर व लुधियाना आणि राजस्थानातील नागौर ही केंद्रे प्रसिद्ध आहेत. जालंधर येथे १९८३ मध्ये केंद्रीय हातअवजार संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रात नाशिक येथे पाने-पकडींचे, तर रत्नागिरी व चिपळूण येथे कानशींचे उत्पादन होते. नीती आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार हातअवजारांचा जागतिक व्यापार सुमारे ३४ अब्ज डॉलरचा असून भारताची निर्यात सुमारे ६० कोटी डॉलर, म्हणजे १.८ टक्के आहे. हात व यांत्रिक अवजारे मिळून दहा वर्षांत २५ अब्ज डॉलर निर्यातीची व सुमारे ३५ लाख रोजगारांची क्षमता या अहवालात वर्तविली आहे. चीनच्या तुलनेत १४ ते १७ टक्के अधिक असलेला उत्पादन खर्च हा मुख्य अडथळा मानला गेला आहे. देशातील कारागिरांनी मानकानुसार बनलेल्या अवजारांचा आग्रह धरल्यास याच उद्योगाला दर्जेदार मालाची घरची बाजारपेठ मिळू शकेल.

समारोप

अवजारपेटी ही कारागिराच्या व्यवसायाचा पाया होय. तिची निवड कार्यानुसार, वापराच्या वारंवारितेनुसार व मानकांनुसार झाली, तर अल्प रकमेतही ती दीर्घकाळ उत्पन्न देते. १९९२ च्या २,००० रुपयांपासून २०२३ च्या १५,००० रुपयांपर्यंत शासकीय साहाय्य वाढले आहे. आता त्या साहाय्याला निवडीचे स्वातंत्र्य, दर्जाची हमी व देखभालीची सोय यांची जोड मिळणे आवश्यक आहे. काम जाणणाऱ्या हाताला अवजार निवडण्याचाही अधिकार असला पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ‘केवळ अवजारवाटपातून स्वयंरोजगार निर्माण होत नाही.’ सिट्रा व पंतप्रधान विश्वकर्मा योजना यांच्या तुलनेने हे विधान स्पष्ट करा.
२. पारंपरिक व्यवसायांच्या यादीबाहेरील शहरी सेवा-कारागिरांच्या समस्या सांगून त्यांवर उपाय सुचवा.
३. भारतीय हातअवजार उद्योगाची निर्यातक्षमता व त्यातील अडथळे यांची चर्चा करा.
४. टीप लिहा : भारतीय मानक ब्युरो, कारागीर प्रशिक्षण योजना, बलुतेदारी.